साटमांचा उजवा हात आणि दहा पॉइंट सहा

“मॅडम, आमचे अकरा झाले. त्यांचे किती?”

लॅबच्या खिडकीतून एक डोकं आत आलं होतं. रविवारची दुपार, एक वाजून गेलेला. लॅबमध्ये मी एकटी, डबा अजून उघडलेला नाही आणि हा मनुष्य मला स्कोअर विचारतोय.

“कसले अकरा?”

“रक्तदान हो. साटमांसाठी. आमच्या मंडळाचे अकरा जण झाले. खोबरेकरबुवांचे किती?”

“ब्लड बँक शेजारी आहे. ही लॅब आहे.”

“ते माहीत आहे मॅडम, पण ते म्हणतात त्यांचे बारा झाले. थापा मारतायत. तुम्ही जरा आतून बघून सांगाल का?”

मी खिडकी लावून घेतली. माझा स्वभाव चिडका आहे, हे आधीच सांगते. परळच्या एका धर्मादाय हॉस्पिटलच्या बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये मी तेहतीस वर्षं टेक्निशियन होते, शेवटची नऊ वर्षं सीनियर. माझ्या पाठीमागे लोक मला काय म्हणायचे ते मला ठाऊक आहे. पण माझा रिपोर्ट कधी कोणी परत पाठवला नाही, याचा मला फार अभिमान होता. त्या रविवारपर्यंत.

साटम म्हणजे अनंत साटम, वय छप्पन्न, राहणार लालबाग. पोटापाण्यासाठी एका शाळेत शिपाई, पण लालबागात त्यांना शिपाई म्हणून कोणी ओळखत नाही. तिथे ते मृदंगमणी साटम. आमच्या कोकणातल्या लोकांत डबल बारीचं भजन असतं. दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात, एकाने गजर करायचा, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, मधूनमधून एकमेकांची यथेच्छ उतरवायची. गाणारा आणि पेटी वाजवणारा तो बुवा, पखवाज वाजवणारा तो मृदंगमणी. येत्या शनिवारी भोईवाड्यात साटमांच्या मंडळाची बारी होती. समोर खोबरेकरबुवा. दोन्ही मंडळांचं वैर वीस वर्षांचं, आणि चाळी मात्र एकमेकींना लागून.

रविवारी सकाळी सराव चालू असताना साटमांच्या छातीत कळ आली. छातीतून पाठीपर्यंत कोणी टराटरा फाडतंय अशी. तरी त्यांनी चालू गजर पूर्ण केला म्हणे. मग आडवे झाले.

सगळ्यांना वाटलं हार्ट अटॅक. इमर्जन्सीत पहिलं रक्त घेतलं, त्यात ट्रोपोनिन नॉर्मल. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते ट्रोपोनिन. ते वाढलेलं नाही आणि दुखणं तर असं भयंकर, म्हणून सीटी काढला. तेव्हा कळलं, एओर्टिक डिसेक्शन. हृदयातून निघणारी सगळ्यात मोठी रक्तवाहिनी म्हणजे एओर्टा, महाधमनी. तिची भिंत पदरापदरांची असते. आतला पदर फाटला की रक्त पदरांच्या मधे घुसतं आणि घडीच्या पोळीसारखे ते पदर सुटत जातात. पुढे ती भिंत फुटू शकते, नाहीतर आतड्याला, किडनीला, हाताला जाणाऱ्या फांद्या बंद पडतात. साटमांची हृदयाजवळच फाटली होती. याला उपाय एकच, ऑपरेशन, तेही ताबडतोब. प्रत्येक तासागणिक धोका वाढत जातो.

ऑपरेशनआधी सर्जन रक्ताचे काही आकडे मागतात. डी-डायमर, क्रिएटिनिन, लॅक्टेट. त्यावरून माणूस टेबलवरून जिवंत उतरेल का, याचा अंदाज बांधतात. त्यातलं लॅक्टेट समजायला सोपं आहे. शरीराच्या एखाद्या भागाला रक्त मिळेनासं झालं की तो भाग कसंबसं काम रेटतो, आणि त्यातून लॅक्टेट तयार होतं. दोनच्या आत असेल तर सगळं ठीक. चार म्हणजे काळजी. दहाच्या वर गेलं की डॉक्टर मंडळी आवाज खाली करून बोलायला लागतात.

साटमांचं दुसरं रक्त एकच्या सुमारास आलं. मी लावलं.

लॅक्टेट दहा पॉइंट सहा.

इतका धोक्याचा आकडा आला तर रिपोर्टची वाट न बघता फोन करायचा, असा आमच्याकडे नियम आहे. मी सर्जन डॉक्टर कारखानीसांना फोन लावला.

“सर, नेरूरकर, लॅबमधून. साटम पेशंट. लॅक्टेट दहा पॉइंट सहा. हिमोग्लोबिन नऊ पॉइंट सहा.”

“नऊ? मघाशी चौदा होतं ना?”

“चौदा पॉइंट दोन.”

“म्हणजे सीटीनंतर फुटलं. आत ब्लीडिंग चालू आहे आणि आतडी पण गेलेली दिसतायत.” पलीकडे सुस्कारा ऐकू आला. “रिपीट केलंत?”

“दोनदा. तेच येतंय. मशीन खोटं बोलत नाही, सर.”

हे वाक्य मी तेहतीस वर्षांत हजार वेळा बोलले असेन. त्या दिवशी तर जरा जास्तच ठसक्यात बोलले. मशीनने खरं म्हणजे स्क्रीनवर पिवळी खूण दाखवली होती, की बाई, याच पेशंटचा आधीचा रिपोर्ट आणि हा फार वेगळा आहे, बघून घ्या. ते मशीन दिवसभर कशा ना कशावर पिवळं होत असतं. मी ओके दाबलं आणि डबा उघडला. वांग्याची भाजी होती.

डबा निम्मा झाला तोच खिडकीवर टकटक.

“बारा झाले की तेरा, मला माहीत नाही!” मी आतूनच ओरडले.

“बाई, मी साटमांची बायको.”

उठून खिडकी उघडली. पन्नाशीची बाई, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत नवऱ्याचे कपडे, घड्याळ आणि चप्पल. रडून डोळे सुजलेले, पण आवाज ठाम.

“डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करून उपयोग होईल असं वाटत नाही. टेबलावरच जातील म्हणाले. रक्ताचा आकडा तसा आलाय. तो आकडा तुम्हीच काढलात ना?”

“हो.” 

“माझा भाऊ म्हणतो, मग इथे कशाला चिरायचं, गावाला नेऊया. अँब्युलन्सवाल्याला फोन करतोय तो. मला सही करायला सांगतात.” इतका वेळ ती आमच्या शहरी मराठीत बोलत होती, इथे तिचा बांध फुटला. “पण बाई, ते आत सगळ्यांवांगडा भांडतत. मगापासून भांडतत. मरणारो माणूस इतको भांडता काय ओ?”

 तेहतीस वर्षं मी माणसं नळीतून ओळखली. एकदा नळी हातात आली की तिच्यामागचा माणूस काय करतोय, हे विचारायची मला सवयच नव्हती. आणि ही बाई म्हणत होती ते अगदी बरोबर होतं. लॅक्टेट दहाच्या वर आणि तासाभरात तिसरा हिस्सा रक्त गेलेला माणूस भांडत नाही. त्याला घाम फुटतो, तो बरळतो, निपचित पडतो.

“कशावरून भांडतायत?”

“हात देत नाहीत. उजवा.”

“सही करू नका,” मी म्हटलं. “मी येईपर्यंत कशावरच सही करू नका.”

डबा तसाच टाकून मी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले. हिमोग्लोबिन चौदावरून नऊ. प्रोटीन सात पॉइंट एकवरून चार पॉइंट आठ. शुगर एकशे सव्वीसवरून चौऱ्याऐंशी. सगळं बरोबर एका मापाने, तिसऱ्या हिश्शाने खाली. सोडियम, पोटॅशियम जवळपास जागच्या जागी. आणि लॅक्टेट तेवढं आकाशाला भिडलेलं.

हे काही रक्तस्रावाचं लक्षण नव्हतं. यात काहीतरी मिसळलं होतं. मिसळणारं असं काय आहे, ज्यात साखर नाही, प्रोटीन नाही, सोडियम-पोटॅशियम रक्ताइतकंच, आणि लॅक्टेट मात्र भरपूर?

बाटलीवर नावच लिहिलेलं असतं. रिंगर लॅक्टेट. वॉर्डात सगळे आरएल म्हणतात आणि घरचे लोक सलाईन म्हणतात.

मी कपाळाला हात लावला. वरणात पाणी पडल्यावर मीठ कमी झालं म्हणून मी फोन करून ओरडले होते. आणि लिफ्टची वाट न बघता, गुडघेदुखी असताना, दोन मजले चढून वर गेले.

आयसीयूबाहेर दोन्ही मंडळं बाकांवर समोरासमोर बसलेली. खरं सांगते, मधे फक्त पेटी आणायची बाकी होती. प्रत्येकाच्या कोपराच्या आत कापूस आणि पट्टी. माझ्या खिडकीवरचा मघाचा माणूस मला बघून उभा राहिला. “मॅडम, किती झाले?” मी त्याच्याकडे बघितलं आणि तो खाली बसला.

आत साटम पलंगावर बसल्यासारखे टेकलेले. डाव्या हाताला ड्रिप चालू, त्याच हाताला, ड्रिपच्या चार बोटं वर, ताजा कापूस चिकटवलेला. उजवा हात त्यांनी काखेत दाबून धरला होता. पलंगाशी रेसिडेंट डॉक्टर ऋचा भोयर, नागपूरकडची मुलगी, रडकुंडीला आलेली.

“ऋचा, दुसरं ब्लड कुठून घेतलं?”

“लेफ्टमधून, मॅडम.”

“ड्रिपच्या वर?”

तिचा चेहरा उतरला. “मॅडम, सीटीला नेताना प्रेशर जरा डाऊन झालं म्हणून आरएल लावलं. राइट हॅंड ते देतच नाहीत. आणि सरांनी सांगितलं होतं, पेशंटला अजिबात एक्साइट करायचं नाही, प्रेशर वाढलं तर ते फुटेल. मी हात मागितला की मॉनिटरवर प्रेशर वाढतं. मग मी वाद नाही घातला. आणि मॅडम, ते काय बोलतात त्यातलं अर्धं मला समजतच नाही.”

 तिची चूक होती, पण ती चूक पेशंटचा जीव सांभाळायला केलेली होती. ओके दाबून वांगं खाणाऱ्या बाईने तिला बोलायची सोय नव्हती.

“ड्रिप बंद करून थोडं थांबून डाव्यातूनच घेऊ?” तिने विचारलं.

“डाव्याची नाडी कशी आहे?”

“वीक आहे. तिकडची फांदी दबलीय, सीटीत दिसतंय.”

म्हणजे त्या हातालाच रक्त कमी. तिथलं लॅक्टेट काढलं तर पुन्हा एका हाताची गोष्ट अख्ख्या माणसावर चिकटवल्यासारखं झालं असतं. पायांचं तसंच, तिकडेही काय दबलंय कोण जाणे. उजवाच हवा होता.

मी पुढे झाले. आवाज इतका खाली आणला की माझा मलाच ओळखू येईना.

“साटम, मी नेरूरकर. लॅबमधून आलेय.”

“नेरूरकर? म्हणजे आमच्याच बाजूच्या.” त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग मानेनेच ऋचाकडे खूण केली. “तुमीच सांगा ह्या चेडवाक. शनवारी बारी आसा. ह्यो हात शाईचो. डाव्याक काय, डाव्यान कणीक थापूची. डावो घेवा, पाय घेवा, व्हयो तर कान कापून घेवा. उजवो गावाचो नाय.”

पखवाजाच्या उजव्या तोंडाला शाई असते, बारीक बोल तिथे निघतात. डाव्या तोंडाला कणीक लावतात, तिथे घुमतं. त्यामुळे उजव्या हातात सुई गेली, ती जागा काळीनिळी झाली तर बोटं जड होतील, ही त्यांची भीती. महाधमनी फाटलीय, तिची काही भीती नाही.

“छोटीशी सुई आहे. दोन मिनिटांचं काम.”

“नाय.”

मॉनिटरवर प्रेशर एकशे पंधराचं एकशे बावीस झालं. ऋचाने मला डोळ्यांनी खुणावलं. माझ्या तोंडात शब्दांची रांग लागली होती, आणि एकही काढायची मुभा नव्हती. मला आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. शेवटी मी ओठ घट्ट मिटले आणि बाहेर आले.

बाहेर साटमांचा मेहुणा फोनवर अँब्युलन्सवाल्याला रत्नागिरीच्या पुढचा रस्ता समजावत होता. साटमांची बायको पेन हातात धरून बसली होती. सही केलेली नव्हती.

“खोबरेकरबुवा कोण?” मी विचारलं.

समोरच्या बाकावरून एक गोरा, जाडसर गृहस्थ उठला. कपाळाला बुक्का, शर्टाची उजवी बाही वर दुमडलेली.

“आत या. एकटे या. आणि आत आवाज चढवायचा नाही. टोमणा मारायचा नाही. त्यांना राग आला तर ते जातील. कळलं?”

“अहो मॅडम,” बुवा घोगऱ्या आवाजात म्हणाले, “वीस वर्षं त्याला राग आणतोय. आज नाही आणणार.”

बुवा आत जाऊन साटमांच्या उशाशी उभे राहिले. साटमांनी मान फिरवली. मॉनिटर एकशे सव्वीस. ऋचाने माझं मनगट धरलं.

बुवा वाकले. त्यांनी आपला उजवा हात साटमांच्या डोळ्यांसमोर धरला. कोपराच्या आत कापूस होता, वर पट्टी.

“ह्यो बघ,” ते हळूच म्हणाले. “पेटीचो हात. आताच रगात दिलंय. तुका.”

साटम त्या पट्टीकडे बघत राहिले. मग बुवांच्या तोंडाकडे. मग परत पट्टीकडे.

“उजव्यातून कित्याक दिलंस?”

“डाव्याची शीर गावली नाय.”

 मग साटमांनी काखेतला हात बाहेर काढला आणि पलंगावर पसरून ठेवला.

“घे गो बाय,” ते ऋचाला म्हणाले. “हेना पिशवीभर दिल्यान. आमी नळीभर दिला नाय, तर जनमभर गजरात सांगीत बसतलो.”

ऋचाला एवढं मात्र समजलं. तिने एका टोचण्यात रक्त घेतलं. नळ्या मी स्वतः बर्फात घालून खाली नेल्या, वाटेत कोणाच्याही हातात दिल्या नाहीत. मशीनसमोर उभी राहिले. मी देवाधर्माची फारशी नाही, पण त्या काही मिनिटांत मी आमच्या वेतोबाला एक नारळ बोलले.

लॅक्टेट दोन पॉइंट एक. हिमोग्लोबिन चौदा. डी-डायमर आधीसारखंच भरमसाट, पण ते या आजारात असायचंच.

मी डॉक्टर कारखानीसांना फोन केला नाही. परत वर गेले आणि कागद हातात दिला.

त्यांनी तो दोनदा वाचला. “मघाशी दहा पॉइंट सहा होतं.”

“मघाशी आरएलची बाटली मोजली, सर. हा पेशंट आहे.”

“तुम्ही म्हणाला होतात मशीन खोटं बोलत नाही.”

“मशीन नाही बोललं, सर. मशीनने पिवळी खूण दाखवली. ओके मी दाबलं.”

हे बोलताना मला रडू आलं. तेहतीस वर्षांत हॉस्पिटलमध्ये मी पहिल्यांदा रडले, तेही सर्जनसमोर. कारखानीस भला माणूस, पण त्यांना असल्या वेळी काय करावं कळत नाही. त्यांनी मला खिशातलं पेन दिलं. मग स्वतःच म्हणाले, “हे कशाला दिलं मी?” आणि पेन परत घेऊन ओटीकडे पळाले. जाता जाता साटमांच्या बायकोला सांगितलं, “अँब्युलन्स कॅन्सल करा. आपण ऑपरेट करतोय. रिस्क आहेच, पण मघाचं विसरा.” तिने ऑपरेशनच्या कागदावर सही केली, इतकी दाबून की खालच्या दोन कागदांवर उमटली.

ऑपरेशन सात तास चाललं. फाटलेला भाग काढून कृत्रिम नळी बसवली. दिलेल्या रक्तातल्या बऱ्याच पिशव्या लागल्या, आणि रक्तगट जुळल्यामुळे त्यातली एक खोबरेकरबुवांचीच होती, असं ब्लड बँकवाल्याने नंतर मला कानात सांगितलं. हे सांगायचं नसतं. मी कोणाला सांगितलं नाही, आज प्रथमच लिहितेय.

शनिवारची बारी अर्थातच झाली नाही. समोर साटम नाहीत तर मी पेटी उघडणार नाही, असं बुवांनी भोईवाड्यात कळवून टाकलं.

चार महिन्यांनी साटम लॅबच्या खिडकीशी आले. निम्मे झालेले, पण ताठ. सोबत बायको, हातात खाज्यांचा पुडा.

“बाई, माझो तो कागद व्हयो.”

“कुठला?”

“ज्याच्यात मी मेलंय, तो.”

रद्द केलेला रिपोर्ट असा द्यायचा नसतो. तरी मी त्यांना त्याची प्रत दिली, वर लाल पेनाने ‘रद्द’ लिहून. तो कागद त्यांनी लॅमिनेट करून पखवाजाच्या वरच्या खुंटीला टांगलाय. कोणी घरी आलं की दाखवतात.

मग मी चौकशीचा मुद्दा काढलाच. रक्तदानात अखेर जिंकलं कोण? कारण त्या दिवसापासून मलाच ते डोक्यातून जाईना.

“ते बारा, आमी अकरा,” साटमांची बायको म्हणाली.

“बारा-बारा,” साटम म्हणाले. “माझी नळी धरूक नको? उजव्या हाताची आसा.”

आमच्या लॅबच्या फॉर्मवर त्यानंतर मी दोन रकाने वाढवून घेतले. रक्त कुठल्या हातातून घेतलं आणि त्या हाताला ड्रिप आहे का. वॉर्डवाले आधी कुरकुरले, मग भरायला लागले. मशीन खोटं बोलत नाही, हे मी अजूनही म्हणते. पण त्याला बाटली पाजली तर ते बाटलीच मोजणार, आणि पिवळी खूण दिसली की आधी उठून पेशंटला बघून यावं. डबा थंड झाला तरी खाता येतो.